मदत हवी आहे: नेरसे ते गवाळी जंगलरस्त्यावरची पडलेली झाडं हटवायला गाड्या घेऊन जायचंय

मंडळी, नमस्कार.

मी बेळगावचा. माझ्याकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे, पुढे विंच, म्हणजे केबल गुंडाळून जड वस्तू ओढणारं यंत्र, बसवलेली. खानापूर तालुक्यात नेरशाच्या बाजूला आजोळ असल्यानं गणपतीत तिकडे होतो. कोंगळा, गवाळी, पास्टोलीची माणसं यंदाही डोक्यावर पिशव्या घेऊन चालत खाली येत होती. पावसात भांडुरा नाल्याला पाणी असतं, तिथं लाकडी साकवावरून यावं लागतं, हे दरवर्षीचंच. पण यंदा नाल्यापलीकडच्या रस्त्यावर झाडं आडवी पडली आहेत. ऐनाचं एक मोठं झाड मुळासकट उपटून पडलंय, दोन ठिकाणी बांबूची बेटं कलंडली आहेत आणि एका उतारावर दरड सरकून अर्धी वाट बुजली आहे. म्हणजे पाणी उतरलं तरी गाडी आत जाणार नाही.

गेल्या वर्षी श्रावणात त्या बाजूच्या एका आजींना घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी पायी आणलं. मी नेरशात गाडी सुरू ठेवून थांबलो होतो. त्या वाचल्या, पण झोळी खाली ठेवली तेव्हा त्या चौघांचे खांदे सोललेले होते, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून मनात आहे की आपण सात-आठ जीपवाले सुट्टीच्या दिवशी चिखल तुडवायला जातोच, तर तीच ताकद या वाटेसाठी लावावी.

अडचण अशी की ही गावं भीमगड अभयारण्यात येतात. 2011 साली अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून तिथल्या दगडाला हात लावायचा तरी विचारूनच. मला नियम मोडून काही करायचं नाही. परवानगी कुणाकडे मागायची, आरएफओ (परिक्षेत्र वन अधिकारी) साहेबांकडे की थेट बेळगावला डीसीएफ (उपवनसंरक्षक) कार्यालयात? किती गाड्या न्याव्यात? आणि उतारावर अडकलेला एवढा मोठा ऐन विंचनं ओढावा की आधी कापावा? आमच्यापैकी कुणी असं झाड हाताळलेलं नाही.

काही जण म्हणतात, आतल्या गावांच्या स्थलांतराची बोलणी चालू आहेत, मग रस्त्याचा खटाटोप कशाला? गावं हलायची तेव्हा हलतील. तोवर आजारी पडणारा माणूस तिथंच आहे.

मलप्रभाकाठ:
दादा, हेतू चांगला आहे, पण आधी कायदा बघा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 27. अभयारण्यात तिथले रहिवासी, कामावरचे सरकारी लोक असे मोजकेच विनापरवाना जाऊ शकतात. आपण त्यात बसत नाही. कलम 29 प्रमाणे तिथून झाड तोडणंच काय, पडलेलं लाकूड उचलून नेणंसुद्धा परवानगीशिवाय चालत नाही. अर्ज आरएफओंच्या नावे करा, प्रत डीसीएफना द्या. अर्ज एकट्यानं देऊ नका. आतल्या गावांतल्या पाच-दहा जणांच्या सह्या घ्या आणि ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. मागणी गावाची आणि तुम्ही मदतनीस, असं कागदावर दिसलं पाहिजे. लाकूड रस्त्याच्या कडेलाच ठेवू, एक फाटाही बाहेर नेणार नाही, हे स्पष्ट लिहा. अर्ज कन्नडमध्ये द्या. भाषेचा वाद त्याच्या जागी, इथं काम लवकर व्हायला हवंय.

लोंढ्याचा मेकॅनिक:
भावा, त्यो ऐन तसाच ओढू नको. मुळासकट पडलेलं झाड लई धोक्याचं. बुंधा कापला की मुळाचा ढेपा मातीसकट परत उभा ऱ्हातो, न्हाईतर उतारावर खाली येतो. त्याच्या मागं-पुढं कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. दोन्ही टोकं टेकलेली आणि मधे अधांतरी असा बुंधा असला तर वरची बाजू दाबात असते. नुसतं वरनं कापत गेलास तर करवत अडकणार. आधी वरनं थोडं काप, मग खालनं. एकच टोक टेकलं असंल तर ह्याच्या उलट. अन् हे वाचून तू करायचं न्हाई. खात्याकडं रोज झाडं कापणारी माणसं असतात, त्यांनाच करवत धरू दे. तुम्ही कापलेले तुकडे ओढा.

विंचची केबल ताणली की तिच्यावर ओलं पोतं टाक. केबल तुटली तर पोतं तिला खाली पाडतंय. केबल जितकी लांब सोडलीस, त्यापेक्षा जास्त लांब माणसं उभी कर. दुसऱ्या झाडाचा आधार घेतलास तर साखळी नको, रुंद पट्टा लाव, साल सोलली की ते झाड बी जातंय. अन् गाडीमागं ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून कधी ओढू नको, त्यो तुटून गोळीसारखा येतोय.

जांबोटीकर:
मेकॅनिक काकांच्या बोलण्यात एक भर घालतो. आत्ता जाऊच नका. जमीन अजून भिजलेली आहे. सात-आठ जड गाड्या त्या लाल मातीत गेल्या तर हातभर खोल चाकोऱ्या पडतील. पुढच्या पावसात त्याच चाकोऱ्यांतून पाणी धावेल आणि होता तो रस्ताही वाहून जाईल. आमच्याकडच्या एका वाटेचं असंच झालं, अजून सुधारलेली नाही. दसरा होऊ दे, आठ-दहा दिवस कोरडे जाऊ देत. मग चारच गाड्या न्या. दोन विंचवाल्या, एक सामानाला, एक मोकळी, कुणाला लागलं तर दवाखान्यात न्यायला. बाकीच्यांनी फावडी घेऊन चालत यावं, दरड फावड्यानंच निघते. हॉर्न, गाणी, ड्रोन काही नको. अंधार पडायच्या आत नेरशात परत या, संध्याकाळनंतर गवे वाटेवर येतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. चाकोऱ्यांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, आम्ही येत्या रविवारी निघणार होतो. ते रद्द केलं. काका, करवतीला आमच्यातलं कुणी हात लावणार नाही, शब्द देतो. खात्याची माणसं मिळेपर्यंत ऐन तसाच राहील.

काल गवाळीच्या दोघांशी फोनवर बोललो, सह्या ते गोळा करतायत. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहायला जमत नाही. खानापूर किंवा बेळगावात कुणी अर्ज लिहून देईल का? मजकूर मी मराठीत पाठवतो. सोमवारी सकाळी तो घेऊन खानापूरला जायचंय.