लेखन नवऱ्याचे, छायाचित्रे बायकोची: दोन्हींची जुळणी कशी करावी?

महालकर (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी नोकऱ्या सांभाळून विदर्भातील ठिकाणांवर आणि सणांवर लेख करतो. लेखन माझे असते आणि छायाचित्रे तिची. रामटेक, पवनी, मार्कंडा, चितार ओळीतील मूर्तिकार असे काही लेख छापूनही आले. परंतु अंक हातात आला की माझा मजकूर एका वाटेने आणि तिची चित्रे दुसऱ्याच वाटेने चालली आहेत, असे वाटत राहते.

उदाहरण मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, लेखाचे देतो. तिच्या एका छायाचित्रात इतवारीच्या गर्दीत एक बाई आपल्या लेकराला दोन्ही हातांनी उंच धरून पिवळ्या मारबतीकडे त्याचे तोंड वळवते आहे, आणि लेकरू मान उलटी फिरवून फुगेवाल्याकडे बघते आहे. माझ्या मजकुरातही हेच दृश्य चार ओळींत आले होते. संपादकांनी त्या ओळी ठेवल्या आणि जागा नाही म्हणून छायाचित्र गाळले. शिवाय लेखाखाली ‘छायाचित्रे : लेखक’ असे छापले गेले, ते वेगळेच.

येत्या दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांवर सविस्तर काम करण्याचा आमचा बेत आहे. मजकूर आधी ठरवून त्याप्रमाणे छायाचित्रे काढावीत, की छायाचित्रे निवडून त्यांच्याभोवती लिहावे? प्रत्यक्ष जागेवर दोघांनी काम कसे वाटून घ्यावे? आणि श्रेयाच्या बाबतीत संपादकांकडे कोणता आग्रह धरावा?

बुधवारीकर

छायाचित्र गेले याचे वाईट वाटले. पण मजकुरात आणि चित्रात एकच गोष्ट असेल, तर जागेच्या ओढाताणीत दोहोंपैकी एक गळणारच. फुगेवाल्याकडे बघणारे लेकरू हे छायाचित्राचेच काम आहे. शब्दांनी ते कितीही नेटके मांडले तरी वाचक ‘असेल’ म्हणून पुढे सरकतो, चित्रात मात्र तो तिथेच थबकतो.

शब्दांनी ते सांगावे, जे कॅमेऱ्यासमोर येऊन उभेच राहत नाही. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यातील बाकाबाईशी जोडतात आणि इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग तिच्यावर अजून काढतात, हे कोणत्या चित्रात दिसणार? ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी गल्लीच्या तोंडापासून पुढे कशी सरकत येते, त्या त्या वर्षी गाजलेले घोटाळे आणि महागाई बडग्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्यांच्या, गळ्यातल्या पाट्यांवर कशी चढते, ज्या दिवशी लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला नटून निघतात त्याच दिवशी ही मिरवणूक का असते, आणि एवढ्या हौसेने घडवलेला पुतळा शेवटी गावाबाहेर नेऊन का जाळतात, हा सगळा मजकुराचा प्रांत आहे. तो सोडून तुम्ही वहिनींच्या प्रांतात शिरलात, असे मला वाटते.

छायाचित्राखालच्या ओळीकडेही लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे ती छपाईच्या आदल्या रात्री लिहिली जाते. अमेरिकेत डोरोथिया लँग या छायाचित्रकार आणि त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर, यांनी शेतीवरून उठलेल्या आणि कामासाठी कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या कुटुंबांवर १९३९ साली मिळून पुस्तक केले. त्यात अनेक चित्रांखाली त्यांनी स्वतःचे वर्णन न देता त्या माणसांच्या तोंडचीच वाक्ये दिली. नवरा-बायकोच्या कामाचा सांधा मला तिथे सर्वांत पक्का दिसतो: चित्र एकाचे, टिपून घेतलेले वाक्य दुसऱ्याचे, आणि बोलणारा माणूस तिसराच.

वैनगंगाकाठ

मी वडशाचा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजचा. त्यामुळे फक्त झाडीपट्टीपुरते लिहितो.

धान निघून हातात चार पैसे आले की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावे नाटक ठेवतात आणि नाटक मंडळांची बरीचशी बुकिंग वडशातूनच होते. म्हणून कामाची सुरुवात रंगमंचापासून करू नये. दुपारीच गावात पोहोचावे, मंडप उभा राहताना पाहावा, कुणाकडे पाहुणे आले आहेत आणि कोणत्या घरात जेवणावळ आहे ते पाहावे. लेकी-जावई, सोयरे नाटकाच्या निमित्ताने गावात येतात आणि कित्येकदा लग्नाच्या बोलण्यांनाही त्याच मुक्कामात हात घातला जातो.

कामाच्या वाटणीविषयी एकच सूचना आहे: दोघांनी एकाच माणसासमोर एकाच वेळी उभे राहू नये. कॅमेरा वर उचलला की समोरचा बोलता बोलता गप्प होतो, शर्टाची कॉलर नीट करतो आणि फोटोपुरता उभा राहतो. मग तुमच्या वहीत काही पडत नाही आणि वहिनींच्या कॅमेऱ्यातही ताठ उभा माणूसच येतो. तुम्ही मंडपाबाहेर चहाच्या टपरीवर नाटक ठेवणाऱ्या पोरांजवळ बसून तिकीटविक्रीचा, वर्गणीचा, मागच्या साली बुडालेल्या पैशांचा हिशेब ऐकावा. वहिनींनी त्या वेळी रंगपटात असावे. हंगामापुरत्या नागपूर-पुण्याकडून येणाऱ्या स्त्री कलावंतांच्या खोलीत परका पुरुष कॅमेरा घेऊन जाऊ शकत नाही, जाऊही नये. वहिनींना मात्र तिथे बसता येईल. विचारून जावे आणि पहिला बराच वेळ कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

फ्लॅश वापरू नये. त्याने नटाचे लक्ष उडते आणि समोर बसलेले गाव ओरडते, ते निराळेच. आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत न्यावा, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवावे आणि थोडे दाणेदार चित्र आले तरी चालवून घ्यावे. पौषातल्या थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. आणि पडदा पडेपर्यंत थांबावे. नागपूरचे बहुतेक पाहुणे बारा-एकलाच गाडी काढतात आणि नंतर ‘रात्रभर रंगणारी रंगभूमी’ म्हणून लिहितात.

सिव्हिल लाइन्स

श्रेयाविषयी. मी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. तुमचा मजकूर आणि पत्नीची छायाचित्रे एकमेकांपासून सहज वेगळी करता येतात, म्हणून एका पानावर छापली तरी त्या दोन स्वतंत्र कृती आहेत. मुदत मात्र सारखीच आहे: मजकुराचा हक्क लेखकाच्या आणि छायाचित्राचा हक्क ते काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. छायाचित्राची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजण्याचा नियम २०१२ च्या दुरुस्तीने गेला. कर्ता म्हणून आपले नाव लागावे हा हक्क कलम ५७ मध्ये आहे आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी तो उरतो. तेव्हा मजकुरासोबत पाठवण्याच्या पत्रात छायाचित्रकाराचे पूर्ण नाव आणि ते कोठे छापावे हे लिहावे, प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये नाव भरावे, आणि मानधन दोन वेगळ्या नावांनी मागावे. वेगळे मानधन मागितले की नाव विसरले जात नाही, असा माझ्या अशिलांचा अनुभव आहे.

हा प्रश्न जुना आहे. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले.

धरमपेठेतला वाचक

वरच्या प्रतिसादांत प्रांत आणि मानधन यांची इतकी काटेकोर वाटणी झाली आहे की थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. मसुरीच्या ह्यू आणि कोलीन गँट्झर या दाम्पत्याने कित्येक दशके जोडनावानेच प्रवासलेखन केले, दूरदर्शनसाठी मालिका केल्या, आणि २०२५ ची पद्मश्रीही दोघांना मिळूनच जाहीर झाली. कोलीन यांना ती मरणोत्तर होती. कोणते वाक्य कुणाचे, हे वाचकाला कळण्याची गरज नसते. कायद्याने कृती दोन असतील, पण लेखावर ‘शब्द आणि चित्रे’ असे म्हणून दोन्ही नावे एकाच आकारात छापण्याचा आग्रह धरता येतो.

आधी काय, याचे माझे उत्तर असे: पहिला खर्डा छायाचित्रे न पाहता लिहावा आणि पत्नीने तो न वाचता आपली निवड करावी. नंतर लहान प्रती काढून त्या जमिनीवर मांडाव्यात आणि खर्ड्यातले जे वाक्य चित्रात आधीच आहे ते खोडावे. खोडण्याची पेन्सिल पत्नीच्या हातात असावी. बुधवारीकर म्हणतात त्याप्रमाणे प्रांत आधीच ठरवले, तर दोघेही जागेवर आपापल्यापुरतेच बघतील, आणि चित्रात न आलेला पण तिने पाहिलेला तपशील मजकुरात येणारच नाही.

एक विनंती. ‘आम्ही’ने लिहा, पण तो ‘आम्ही’ लेखात फार वावरू देऊ नका. नवरा-बायकोची लुटुपुटूची भांडणे, हरवलेली किल्ली, विसरलेला डबा यांतच आपल्याकडच्या जोडप्यांच्या प्रवासवर्णनाची अर्धी पाने जातात, आणि गाव राहून जाते.

महालकर

सर्वांचे आभार. दोन नावे एकाच आकारात आणि मानधनाची दोन बिले, हे दोन्ही पुढच्या पत्रात लिहिणार आहे. पेन्सिलीची सूचना घरात वाचून दाखवली, ती तत्काळ मंजूर झाली.

वैनगंगाकाठ यांना एक विचारायचे आहे. रंगपटात बसण्याची परवानगी नाटक मंडळाच्या मालकाकडे मागायची, की नाटक ठेवणाऱ्या गावातल्या पोरांकडे?

वैनगंगाकाठ

दोघांकडेही, पण आधी मालकाकडे, आणि तीही हंगाम सुरू होण्याआधी वडशाला येऊन, कारण एकदा प्रयोग सुरू झाले की रोज नवे गाव असते आणि बोलायला त्यांना सवड राहत नाही. गावातल्या पोरांना त्याच दुपारी विचारले तरी चालते. कलावंत बायांची संमती मात्र वहिनींनी स्वतः घ्यावी. मालकाने हो म्हटले म्हणून ती धरून चालू नये.