मदत हवी आहे: साडेसातचा रस्ता नऊ मीटर होतोय, हरकत कशी लिहावी? (नाशिक)

नासर्डीकाठ:
नमस्कार मंडळी. इंदिरानगर भागात आमची जुन्या बंगल्यांची आणि रो-हाउसची गल्ली आहे. मंजूर लेआउटमध्ये रस्ता ७.५ मीटरचा. कोपऱ्यावरचे दोन बंगले एका बिल्डरने घेऊन प्लॉट एकत्र केले, मिळून साधारण ६०० चौरस मीटर. तिथे बिल्डिंग होणार हे माहीत होतं, पण होऊन होऊन किती होईल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आता पेपरात जाहीर सूचना आली आहे आणि गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबालाही चिकटवली आहे: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आमच्या रस्त्याची रेषा (म्हणजे कागदावरची अधिकृत हद्द) ९ मीटरची करायची आहे, कोणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी द्यावी.

नऊच का, ते गल्लीतल्या एका आर्किटेक्ट मुलीने समजावलं. डिसेंबर २०२० पासूनच्या युनिफाइड डीसीपीआरनुसार (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१० एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या १.१० पट बांधकाम, आणि विषय संपला. प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता ९ मीटरचा झाला की ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर धरून २.०० पर्यंत जाता येतं. म्हणजे ६६० चौरस मीटरच्या जागी १२००, आणि निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा) असतो तो वेगळाच. कागदावर दीड मीटर वाढला की बांधकाम जवळजवळ दुप्पट!

आणि वाढणार तो कागदावरच. बिल्डर त्याच्यापुरतं कंपाउंड आत घेईल, बाकीची गल्ली आहे तशीच राहणार. आत्ताच सकाळी घंटागाडी आणि शाळेची व्हॅन समोरासमोर आली की व्हॅनवाला थेट मारुतीच्या देवळापर्यंत रिव्हर्स जातो, मागे पोरं खिडकीतून त्याला "अजून, अजून" सांगत असतात. पाण्याचं प्रेशर दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, प्रत्येकाकडे मोटर आहे.

हरकतीत नेमकं काय लिहायचं? एकच अर्ज करून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात का? आणि दोन ज्येष्ठ सभासद म्हणतात, रस्त्याचं राहू द्या, बिल्डिंगची परवानगी निघेल तेव्हा तिलाच हरकत घेऊ. ते चालेल का?

आडगावचा:
विरोध करायला काही वाटत नाही का हो? तुमचे बंगले जिथे आहेत तिथे आधी मळेच होते, तेव्हा शेतकऱ्याने हरकत घेतली होती का? शहरात घरं नकोत तर पोरांनी राहायचं कुठे, ओझरला?

निवृत्त_ओव्हरसिअर:
आडगावकर, मुद्दा घरांचा नाही, रस्त्याचा आहे. बिल्डिंग तर १.१० मध्येही होतेच.

नासर्डीकाठ, तुमच्या ज्येष्ठांना आधी थांबवा. आपल्याकडे एकेका इमारतीच्या परवानगीवर जनतेकडून हरकती मागवतच नाहीत. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ४४ खाली मालक अर्ज करतो, ४५ खाली परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. ४७ चं अपीलसुद्धा अर्जदारालाच आहे, शेजाऱ्याला नाही. हरकत चालते ती विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा, त्यात फेरबदल होतो तेव्हा (कलम ३७), आणि तुमच्यासारखी रस्त्याची रेषा बदलते तेव्हा. त्यामुळे हाच महिना तुमच्या हातात आहे. रेषा कायम झाल्यावर नऊ मीटर धरून नकाशा मंजूर झाला तर तो नियमात बसतो, मग कोर्टाशिवाय मार्ग नाही.

लिहिताना "बिल्डरचा फायदा होतोय" हे वाक्य कुठेही नको. सुनावणीला पहिल्यांदा तेच बाजूला पडतं. रस्त्यावर बोला. मंजूर लेआउटची प्रत काढा, दर वीस-पंचवीस पावलांवर टेप लावून जागेवरची रुंदी लिहा, विजेचे खांब, ट्रान्सफॉर्मर, चेंबर कुठे आहेत ते दाखवा. ९ मीटर करायचं तर दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर जागा लागेल. ती घेणार कधी, मोबदला कोण देणार, खांब कोणाच्या खर्चाने हलणार, हे प्रश्न विचारा. आणि पर्यायी मागणी ठेवा: रेषा आखायचीच असेल तर संपूर्ण लांबीचा रस्ता जागेवर रुंद होईपर्यंत वाढीव एफएसआय देऊ नये. मान्य होईल असं नाही, पण उत्तर द्यावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर टाका, दहा रुपयांचं काम आहे. पण त्याला ३० दिवसांची मुदत असते, उत्तर येईपर्यंत तुमची हरकतीची तारीख उलटून जाईल. आधी हरकत द्या. नकाशा नगररचना विभागात जाऊन प्रत्यक्ष बघा.

मी_सिडकोवाली:
एकच अर्ज आणि शंभर सह्या म्हणजे नोंद एका हरकतीची, असा आमचा अनुभव. प्रत्येक घराने स्वतःच्या प्लॉट नंबरसह वेगळी द्या, आणि प्रत्येकाने आपल्या दारापुढचं लिहा, झेरॉक्स नको. शेवटी "प्रत्यक्ष सुनावणी मिळावी" हे हवंच. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडायची होती, त्यावरून नाशिककरांनी भरभरून हरकती दिल्या, तेव्हा निदान नोंद तरी घ्यावी लागली. कोपऱ्यावर मोठी झाडं आहेत का? ती तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली स्वतंत्र जाहीर सूचना निघते. ते दुसरं दार लक्षात ठेवा.

नगरसेवकांनाही प्रत द्या. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होते, विचारायला कोणी नव्हतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृहात माणसं आहेत, तर त्यांना लेखी विचारा.

नासर्डीकाठ:
खूप आभार. एक अडचण लिहायची राहिली. गल्लीतल्या चार-पाच घरांना रस्ता ९ मीटर हवाच आहे, उद्या त्यांनाही टीडीआर लावून बांधता येईल म्हणून. एकाने तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "मी समर्थनाची सूचना देणार" असं टाकलंय. नगरसेवकांनी ते बघितलं तर?

आडगावचा:
बघा, मी तेच म्हणतोय. ते काय चूक बोलले? त्यांचीही जागा आहे.

निवृत्त_ओव्हरसिअर:
त्यांनी जरूर द्यावी, "हरकती व सूचना" मध्ये दोन्ही येतं. तुम्ही भांडू नका, त्यांना एवढंच विचारा की आपलं पाऊण मीटर आज मोजून सोडणार का. जे तयार होतील त्यांच्याकडून तसं लिहून घ्या, मग तो रस्ता निदान खरा तरी होईल. तयार नसतील तर तेही तुमच्या हरकतीत लिहा, नावं न घेता.

आणि टेप लावायला जाल तेव्हा आधी गल्लीतून एक फेरी मारा. कोणाचा ओटा, कोणाच्या पायऱ्या, कोणाचा गाडी चढवायचा रॅम्प रस्त्यात आलाय का ते बघा. असेल तर आधी तो काढा, मगच फोटो काढा. सुनावणीला साहेब पहिलं बोट त्याच्यावरच ठेवतात.