महंत हवा, पण त्याची झोळी नको?

आडवाट

आमच्या कंपनीत नुकतंच 'दासबोधातून नेतृत्व' असं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पुण्याच्या आयटीत हे काही नवं नाही. गीता झाली, चाणक्य झाला, आता समर्थांची पाळी. प्रशिक्षक बोलले छान, ओव्याही त्यांना मुखोद्गत होत्या. पण पडद्यावर पहिलीच ओळ झळकली, 'सामर्थ्य आहे चळवळीचें, जो जो करील तयाचें', आणि तिथंच संपली. दासबोधाच्या विसाव्या दशकातली (दशक म्हणजे ग्रंथाचा दहा समासांचा भाग, समास म्हणजे प्रकरण) ती ओवी पुढे म्हणते, 'परंतु तेथें भगवंताचें अधिष्ठान पाहिजे.' बरोबर 'परंतु'च्या अलीकडे कात्री.

बरं, हे पोस्टरवाले पूर्वीपासून करत आलेत. मला खटकलं ते दुसरंच. दुपारच्या सत्रात 'महंतें महंत करावे, युक्तिबुद्धीनें भरावे, जाणते करून विखरावे, नाना देसीं' ही ओवी आली आणि तिच्या शेजारी लिहिलं होतं 'सक्सेशन प्लॅनिंग', म्हणजे वरच्या जागांसाठी पुढची माणसं आधीच तयार ठेवणं. ही अकराव्या दशकातल्या दहाव्या समासाची शेवटची ओवी. त्या समासाचं नाव काय? 'निस्पृह वर्तणूक'. त्याच समासात 'उदंड समुदाय करावे, परी गुप्तरूपें' असंही आहे. इथे माणूस बढतीचं पत्र हातात पडायच्या आत लिंक्डइनवर फोटो टाकतो!

समर्थांचा महंत माणसं जोडतो, घडवतो, कामाला लावतो हे खरंच. पण तो हे सगळं कशाच्या जोरावर करतो? त्याला घर नाही, पगार नाही, एका जागी मुक्काम नाही. चौदाव्या दशकात एक अख्खा समास भिक्षेवर आहे. पंधराव्यात सांगितलंय, 'कुग्रामें अथवा नगरें, पाहावीं घरांचीं घरें, भिक्षामिसें लाहानथोरें, परीक्षून सोडावीं.' म्हणजे माणसं ओळखायची ती दारात उभं राहून, मागणाऱ्याच्या जागेवरून. आमच्या उपाध्यक्षांना हा भाग कुणी शिकवत नाही. महंताचा अधिकार तेवढा उचलायचा आणि झोळी मठातच ठेवायची, याला दासबोध शिकवणं म्हणावं का? माझ्या मते नाही.

साक्षेपी

मी याच प्रशिक्षणाच्या व्यवसायात आहे. (तुमच्याकडे आलो होतो तो मी नव्हे.) त्यामुळे चार बोल मलाही लागलेत.

पहिली गोष्ट, दासबोध फक्त महंतांसाठी लिहिलेला नाही. वीस दशकं, दोनशे समास, साडेसात हजारांवर ओव्या. त्यातला मोठा भाग तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसासाठी आहे. बाराव्या दशकाची सुरुवातच 'आधीं प्रपंच करावा नेटका, मग घ्यावें परमार्थविवेका' अशी आहे. मूर्खलक्षणं काय संन्याशांसाठी लिहिली? झोळी घेतल्याशिवाय ग्रंथाला हात लावायचा नाही, ही अट तुमची आहे, समर्थांची नव्हे.

दुसरी गोष्ट अनुभवाची. एका कंपनीत माणसं कमी करायची होती. निर्णय वरून झालेला होता. ज्या मॅनेजरांनी ते सांगायचं होतं त्यांच्यासमोर मी बाराव्या दशकातली एकच ओवी वाचली: 'आपणास चिमोटा घेतला, तेणें जीव कासावीस जाला, आपणावरून दुसऱ्याला, राखत जावें.' नोकऱ्या वाचल्या नाहीत. मात्र ईमेल पाठवून मोकळं व्हायचं ठरलं होतं, ते प्रत्येकाला समोर बसवून सांगण्यावर आलं. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. ज्याची नोकरी गेली त्याला विचारा.

भातुकली

आमच्या साहेबांनी अशाच शिबिरातून 'हुंब्यासी हुंबा लाऊन द्यावा, टोणप्यास टोणपा आणावा' (म्हणजे दांडग्यावर दांडगा आणि मठ्ठावर मठ्ठ सोडावा) एवढंच लक्षात ठेवलं. तेव्हापासून दोन टीमलीड एकमेकांच्या अंगावर सोडलेत. मी कुठला, हुंबा की टोणपा, ते अजून कळलेलं नाही.

वहीखाते

भातुकली, विनोद नाही हा. एकोणिसाव्या दशकातला तो नववा समास फार जपून वाचायला हवा. 'मुख्य सूत्र हातीं घ्यावें, करणें तें लोकांकरवीं करवावें' हेही तिथलंच. मी पतसंस्थेत नोकरी केली. आमचे एक अध्यक्ष हे वाक्य भाषणात हमखास घ्यायचे. सूत्र त्यांच्या हाती, सह्या आमच्या. चौकशी लागली तेव्हा कागदावर त्यांचं नाव शोधून सापडेना. आता यात दोष ओवीचा की अध्यक्षांचा, तुम्हीच ठरवा. पण पडद्यावर एकटी लावलेली ओवी अशा माणसाच्या फार सोयीची असते, एवढं मात्र मी म्हणेन.

तळटीप

दोन्ही बाजू एकच गोष्ट टाळताहेत. साक्षेपी सोयीच्या ओव्या निवडतात, आडवाट त्यांना पकडतात आणि स्वतः भिक्षेच्या ओव्या निवडतात. त्या भिक्षेच्या समासाची पहिली ओळ आडवाट यांनी का दिली नाही? 'ब्राह्मणाची मुख्य दीक्षा, मागितली पाहिजे भिक्षा.' म्हणजे झोळीसुद्धा सगळ्यांची नव्हती. पाचव्या दशकाच्या पहिल्याच समासात आहे, 'गुरू तों सकळांसी ब्राह्मण, जऱ्ही तो जाला क्रियाहीन.' क्रियाहीन असला तरी! नेतृत्वाच्या कार्यशाळेत ही ओवी लावून दाखवा. ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, त्या शतकाची उतरंड त्यात आहे. 'संपूर्ण वाचा' म्हणणाऱ्यांनी मग खरोखर संपूर्ण वाचावा आणि त्याचं काय करायचं तेही सांगावं. माझं म्हणणं, ऑफिस चालवायला कामगार कायदा आणि थोडी माणुसकी पुरते. त्यासाठी संतांना कामाला लावायची गरज नाही.

अनवाणी

मी अलिबागकडची. माझी आई मासळी विकते आणि गेली कित्येक वर्षं बैठकीला जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी 1943 मध्ये दासबोधाच्या निरूपणाच्या ज्या बैठका सुरू केल्या, त्या. फी नाही, प्रमाणपत्र नाही, पडदाही नाही. आगरी, कोळी, गिरणीतले, घरकाम करणाऱ्या बायका जमिनीवर बसून ऐकतात. आईची शाळा चौथीत सुटली. समासाचे आकडे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

तळटीप यांनी सांगितलेला पाचव्या दशकातला समास तिनेही ऐकलाय. मी कॉलेजात असताना तावातावाने तो तिच्यासमोर ठेवला होता. ती म्हणाली, 'ऐकलंय. पण माझ्या पाटीवर बसून माझे पैसे मारणाऱ्याला मी गुरू नाही म्हणणार.' आणि पुढचा मासा कापायला घेतला. तिने ग्रंथ नाकारला नाही, मानही तुकवली नाही. सगळ्याच बैठकीतल्या बायका असंच म्हणतील, असा माझा दावा नाही. पुष्कळजणी सगळंच मुकाट मानतात, आणि त्याचा मला रागही येतो. पण 'कामगार कायदा पुरतो' हे तळटीप सहज लिहून गेले. आईला कुठला कामगार कायदा लागू आहे? तिचा धक्क्यावरचा दिवस पहाटे सुरू होतो. व्यापाऱ्याशी भांडायचं किती आणि कुठे थांबायचं, हे ती सावधपणाच्या ओव्यांवरून ठरवते. 'तिसरें तें सावधपण, सर्वविषयीं' हे तिच्या तोंडी सतत असतं.

आडवाट

अनवाणी, तुमच्या आई भगवंताचं अधिष्ठान सोडून ऐकत नाहीत, हेच तर मी म्हणतोय. त्या बैठकीत ओवी अर्धी कापली जात नाही. आणि समर्थांचं ऐकून त्यांना कुणावर हुकमत गाजवायची नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे त्याने ग्रंथ वाचणं आणि जिच्या हातात फक्त स्वतःची पाटी आहे तिने वाचणं, यांत फरक धरायलाच हवा.

तळटीप, पहिली ओळ मी दिली नाही कारण मुद्दा मागण्याच्या जागेचा होता. ती ओळ मला पटत नाही आणि ती झाकायचीही नाही. पण तुमच्या न्यायाने मग गीता, ज्ञानेश्वरी सगळंच कपाटात जाईल. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. दोघांनीही जुना ग्रंथ आपल्या काळासाठी वाकवलाच. फरक एवढाच की त्या वाचनाची किंमत ते स्वतः मोजत होते.

साक्षेपी

म्हणजे तुरुंगात गेल्याशिवाय ग्रंथावर बोलायचं नाही? आधी झोळी होती, आता बेड्या! आडवाट, तुमची अट दर प्रतिसादाला वाढते आहे.

हुकमत असलेल्याने वेगळ्या तऱ्हेने वाचावं हे मान्य. म्हणूनच तर मी त्यांच्याकडे जातो. अनवाणींच्या आईला माझी गरज नाही. गरज आहे ती ज्याने शाळा सुटल्यावर मराठीत काही वाचलंच नाही त्या डायरेक्टरला. तो साडेसात हजार ओव्या वाचणार नाही, दोन वाचेल. त्या दोन कोणत्या, यावर आपण भांडू शकतो. पण शून्य वाचण्यापेक्षा दोन बऱ्या, यावर मी ठाम आहे.

वहीखाते

मग त्या दोनातली एक भिक्षेची घ्या की. पंधराव्या दशकातली, 'भिक्षामिसें लाहानथोरें'. आणि डायरेक्टरला सांगा, एक आठवडा आपल्याच कंपनीच्या ग्राहकसेवेच्या खिडकीवर बसून तक्रारी घे, नाव न सांगता.

साक्षेपी

वहीखाते, हे मी एकदा सुचवलं होतं. पुढच्या वर्षी त्या कंपनीने मला बोलावलं नाही.

भातुकली

सुचवत राहा. आमच्या साहेबांचा नंबर देऊ का?