कॉलेजातली ‘स्टुडंट चॅप्टर’: पोरांसाठी की फाइलीसाठी?

उद्यमनगरी (धागाकर्ता)

कोल्हापूरच्या आसपास इंजिनिअरिंग आणि बीसीए-एमसीएच्या कॉलेजांना आता तोटा नाही. बऱ्याच कॉम्प्युटर विभागांच्या दारावर कुठल्या ना कुठल्या संघटनेच्या ‘स्टुडंट चॅप्टर’ची, म्हणजे विद्यार्थी शाखेची, पाटी दिसते. कुठे एसीएम, कुठे आयईईई, कुठे सीएसआय. एसीएम ही १९४७ साली अमेरिकेत निघालेली संगणकवाल्यांची संघटना, संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार देते ती. आयईईई इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची. सीएसआय आपल्याकडच्या संगणकवाल्यांची, १९६५ ची. नावं मोठी आहेत, त्याबद्दल वाद नाही.

वाद पाटीखाली काय चालतं याबद्दल आहे. माझी भाची तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात (नाव घेत नाही) चॅप्टरचं उद्घाटन झालं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मागे भला मोठा फ्लेक्स, आणि त्यावर संघटनेच्या बोधचिन्हापेक्षा संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो मोठा. वर्गणी सगळ्यांना सक्तीची. त्यानंतर वर्षभरात काय झालं? पायथॉनची एक कार्यशाळा. तीही एका क्लासवाल्यानं घेतली आणि जाताना स्वतःच्या कोर्सची माहितीपत्रकं वाटून गेला. ‘चेअर’ म्हणजे चॅप्टरचा विद्यार्थी अध्यक्ष कोण, तर विभागप्रमुखांनी वर्गात ज्याच्याकडे बोट केलं तो.

आमची कंपनी लहान आहे, फौंड्रीवाल्यांना स्टॉक आणि डिस्पॅचची सॉफ्टवेअरं करून देतो. पोरांच्या मुलाखती मीच घेतो. बायोडेटावर ‘चॅप्टर व्हाइस चेअर’ दिसलं की विचारतो, काय काय केलंस? उत्तर ठरलेलं: ‘इव्हेंट ऑर्गनाइझ केले.’ म्हणजे खुर्च्या मांडल्या आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं. त्यात वाईट काही नाही, पण त्याला न्यूयॉर्कच्या संघटनेचं नाव कशाला पाहिजे?

खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. एनबीए, म्हणजे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मानांकन देणारं मंडळ. त्याच्या २०१५ च्या स्वमूल्यमापन नमुन्यात १००० गुणांपैकी ५ गुण व्यावसायिक संघटनांची चॅप्टर आणि त्यांचे कार्यक्रम यांना ठेवलेले होते. गुणांसाठी फाइल लागते, फाइलीसाठी फोटो, फोटोसाठी फ्लेक्स. माझं म्हणणं सरळ आहे. पाट्या काढा, साधा कोडिंग क्लब करा, शनिवारी लॅब उघडी ठेवा. बोला आता.

अर्धविराम

दादा, मी शेवटच्या वर्षाला आहे आणि एका एसीएम चॅप्टरची चेअर होते, त्यामुळे आधी वर्गणीचा घोळ निस्तरूया. चॅप्टरच्या साध्या सभासदानं एसीएमचं सभासदत्व घेतलंच पाहिजे असा नियम नाही. ते पदाधिकाऱ्यांना लागतं, आणि जे प्राध्यापक प्रायोजक असतात, म्हणजे चॅप्टरची जबाबदारी घेतात, त्यांना लागतं. चॅप्टरला स्वतःची स्थानिक वर्गणी ठेवता येते, पण वर्षाचा अहवाल आणि हिशेब संघटनेला पाठवावा लागतो. पदाधिकारी दरवर्षी सभासदांनी निवडायचे असतात. बोट दाखवून चेअर नेमला असेल तर ती त्या कॉलेजची करणी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी कशाला?

आता काय केलं ते सांगते. शाहूवाडीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. तिथं कॉम्प्युटर एकच, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत, वर भरतकाम केलेलं कापड. आम्ही त्याला हातच लावला नाही. मैदानात खडूनं जाळं आखलं. एका टोकाला सहा चौकोन, मध्ये रेषांनी जोडलेले बारा गोल, पलीकडच्या टोकाला परत सहा चौकोन. सहा मुलांच्या हातात आकड्यांचे कागद दिले. गोलात दोघं भेटली की आकडे बघायचे, लहान आकडेवाल्यानं डावीकडच्या रेषेनं पुढं जायचं, मोठ्यानं उजवीकडच्या. पलीकडं पोचली तेव्हा सगळी चढत्या क्रमानं उभी! पहिल्या खेपेला पोरांना वाटलं आम्ही आकडे ठरवून दिलेत, म्हणून त्यांनी आपसात कागद बदलून परत केलं. मग पाचवीतली एक मुलगी म्हणाली, ‘ताई, तिकडनं इकडं चालत आलो तर?’ चालून बघितलं. एकदा जमलं, दुसऱ्यांदा बिघडलं, आणि का बिघडलं यावर तिथंच भांडण सुरू झालं. जाळ्यात एकाच वेळी दोन-तीन जोड्या पुढं सरकत असतात. समांतर गणन म्हणून आम्हाला हे फळ्यावर शिकवलेलं, पण ते डोक्यात गेलं त्या मैदानात.

ही कृती मूळची न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या मंडळींची. आपल्याकडे एसीएम इंडियाचा ‘सीएसपाठशाला’ उपक्रम २०१६ पासून आहे, कॉम्प्युटर नसताना संगणकीय विचार कसा शिकवायचा याचे पाठ त्यात आहेत, मराठीतूनही. चॅप्टर नसतं तर मला हे कळलं नसतं.

रविवारचा रस्सा

काम लई भारी केलंसा, त्याबद्दल मानलं. पण शाळेत जायला एनएसएसवाले पण जात्यात की. त्याला एसीएम कशाला पायजे?

मी पुण्यात सात-आठ वर्षं नोकरी करालोय. मुलाखतीत ‘तुमच्या कॉलेजात चॅप्टर होतं का’ असं मला कुणी विचारलं न्हाई आणि मी पण कुणाला विचारलं न्हाई. कोड दाखव म्हणत्यात. पूर्वी एक मुद्दा असायचा की सभासद झालं की एसीएमच्या डिजिटल लायब्ररीतले शोधनिबंध वाचायला मिळतात. एसीएमनं २०२२ मध्ये पहिल्या ५० वर्षांचे निबंध मोकळे केले आणि जानेवारी २०२६ पासून आपली सगळी प्रकाशनंच खुली केली. म्हणजे वाचनासाठी वर्गणी हा मुद्दा पण निकाली. राहिली आयसीपीसी, कॉलेजांच्या संघांची जागतिक प्रोग्रामिंग स्पर्धा. तिघांचा संघ, कॉम्प्युटर एकच, पाच तास. त्या स्पर्धेत संघ कॉलेजचा उतरतो, चॅप्टर असो नसो. मग पाटीचा उपयोग काय, सांगा.

आणि पाटी नसताना पण कामं होत्यात. आमच्या मित्रमंडळानं पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आलेख केलेला. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पण पाठ असतंय. प्रशासनाच्या रोजच्या पत्रकातनं आकडे उचलायचे आणि पाणी तासाला किती इंच चढालंय ते दाखवायचं. गल्लीतली माणसं त्यावर बघून सामान माळ्यावर चढवत होती. चॅप्टर नव्हतं, चेअर नव्हता, फ्लेक्स नव्हता.

अर्धविराम

@रविवारचा रस्सा, तो आलेख यंदा चालू आहे का?

रविवारचा रस्सा

न्हाई. करणारे आम्ही तिघं, तिघं पण पुण्याला आलो. पत्रकाचा नमुना बदलला, प्रोग्राम बंद पडला. पण तुमच्यात तरी काय वेगळं होतंय? पोरं पास झाली की चॅप्टर पण झोपतंयच.

अर्धविराम

झोपतं, मान्य. पण पुढच्या जूनमध्ये कुणीतरी चेअर व्हावंच लागतं, आणि त्याला आधीचे अहवाल सापडतात. तुमच्या आलेखाचा कोड कुणाच्या लॅपटॉपवर आहे हे आज ज्युनिअरला शोधायचं झालं तर तो कुणाला विचारणार?

आणखी एक, जे मुलग्यांच्या लक्षात येत नाही. ‘मैत्रिणी मिळून शाहूवाडीला जातोय’ असं सांगितलं तर ना कॉलेज सोडत, ना घर. ‘चॅप्टरचा उपक्रम, सोबत मॅडम आहेत’ असं विभागाच्या पत्रावर आलं की हजेरी मिळते आणि पप्पा पण हो म्हणतात. दादांना शनिवारी लॅब उघडी हवी आहे. आमच्या वर्गातल्या गगनबावड्याच्या मुलीची शेवटची एसटी लवकर सुटते, शनिवारी ती येणार कशी आणि थांबणार कधी? साध्या क्लबमध्ये शेवटी हॉस्टेलची आणि शहरातली पोरंच उरतात, हे मी बघितलंय.

शाहूपुरीकर

मंडळी, मी निवृत्त प्राध्यापक. सीएसआयचे पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) भारतीय बनावटीचा टिफ्रॅक संगणक बांधणाऱ्यांचे ते म्होरके. म्हणजे यंत्र बांधणाऱ्या लोकांनी एकमेकांचं काम तपासावं, एकमेकांना शिकवावं म्हणून या संघटना निघाल्या. विद्यार्थी शाखा ही त्यातली पहिली पायरी. आज त्या पायरीवर फक्त फोटो काढतात, याचं वाईट वाटतं, पण म्हणून पायरी उखडायची नसते.

कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. तालमीवर पाटी कुणाची आहे हे बघून कुणी पोराला तिथं घालत नाही. वस्ताद पहाटे स्वतः हौद्यात उतरतो का, हे बघून घालतात. चॅप्टरचं तेच आहे. प्रायोजक प्राध्यापक पोरांबरोबर बसून एक तरी प्रोग्राम लिहितो का, तेवढंच विचारा.

तासिकावाला

सर, आदर राखून विचारतो. वस्तादाला खुराक कोण देतो?

मी एका चॅप्टरचा प्रायोजक आहे, तासिका तत्त्वावर. प्रायोजकाला एसीएमचं व्यावसायिक सभासदत्व लागतं, ते मी खिशातून भरलं. पावती विभागात दिली तर ‘तरतूद नाही’ असा शेरा पडून परत आली. दरवर्षी नेमणूक नव्यानं, मुलाखत नव्यानं. माझ्या आधीचे सर दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि चॅप्टरच्या ईमेलचा ओटीपी अजून त्यांच्याच मोबाइलवर जातो. अहवाल भरायचा तर आधी त्यांना फोन, ते तासावर असले तर ओटीपीची मुदत संपते, परत पहिल्यापासून. अर्धविराम म्हणतात की आधीचे अहवाल सापडतात. सापडतात, सर फोन उचलतील तेव्हा.

कायम प्राध्यापकांची भरती नाही आणि पाट्या मात्र तीन-तीन संघटनांच्या. एकच माणूस एसीएमचा प्रायोजक, आयईईईचा सल्लागार आणि एनबीएच्या फाइलीचा समन्वयक असेल तर तो कोणत्या हौद्यात उतरणार?

पांढरा रस्सा जास्त

सगळे एसीएम-आयईईईवरच अडकलात. गुगलचे कॅम्पसवरचे डेव्हलपर ग्रुप आहेत, मायक्रोसॉफ्टचे स्टुडंट अॅम्बॅसिडर आहेत. वर्गणी शून्य, वर टी-शर्ट, क्रेडिट, सर्टिफिकेट. पोरं तिकडंच जाणार.

शाहूपुरीकर

जाऊ देत. पण त्या ग्रुपात ‘या कंपनीची ही सेवा वापरू नका’ असं सांगणारं व्याख्यान ठेवून बघा. एसीएमची आचारसंहिता आहे, २०१८ साली सुधारलेली. समाजहिताला पहिलं स्थान आहे तिच्यात आणि खासगीपणा जपण्यावर स्वतंत्र कलम आहे. ती माल विकणाऱ्यानं लिहिलेली नाही. फेशियल रेकग्निशन शाळेच्या हजेरीला लावावं का, अशी चर्चा मला कंपनीच्या टी-शर्टात झालेली बघायची आहे.

रविवारचा रस्सा

सर, तशी चर्चा चॅप्टरमध्ये तरी कुठं झालीय? पायथॉन, मशीन लर्निंग, आणि ‘करिअर इन एआय’. या तिन्हीच्या पुढं गाडी जात न्हाई.

अर्धविराम

आमच्याकडं एकदा झाली. कॉलेजच्या गेटवरच्या कॅमेऱ्यांवरच घेतली, त्यामुळं परत घेऊ दिली नाही. :)

पण वक्त्यांबद्दल एक. एसीएमची वक्ता योजना आहे, चॅप्टरनं अर्ज करायचा. वक्त्याचा प्रवासखर्च संघटना उचलते, इथलं राहणं-जेवण यजमानानं बघायचं. हे किती प्रायोजकांना माहीत आहे? क्लासवाला फुकट येतो म्हणून त्याला बोलावतात, आणि खरा संशोधक कॉलेजला अर्ज आणि राहणं-जेवण एवढ्यातच पडला असता.

उद्यमनगरी (धागाकर्ता)

तासिकावाल्यांचा प्रतिसाद वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. ज्या विभागाला प्रायोजकाची वर्गणी भरायला तरतूद सापडत नाही आणि फ्लेक्सला सापडते, त्यानं चॅप्टर चालवूच नये. तीन पाट्यांतल्या दोन उतरवा. नियमाप्रमाणं सक्ती नाही असं अर्धविराम म्हणते, मग माझा पुढचा प्रश्न: भाचीच्या वर्गानं भरलेले पैसे कुठल्या खात्यात गेले? संघटनेकडं गेलेला हिशेब पोरांना बघायला मिळतो का?

मुलींच्या एसटीचा मुद्दा मात्र माझ्याकडं उत्तर नसलेला आहे. लॅब शनिवारी नको तर कधी, ते सांगा.

अर्धविराम

हिशेब खजिनदाराकडं मागायचा, तो सभासदांना दाखवायला नको असं कुठं लिहिलेलं नाही. एकटीनं मागू नका, वर्गातल्या दहा जणांच्या सह्यांनी मागा, म्हणजे कुणा एकीच्या इंटर्नलवर राग निघणार नाही.

लॅब शुक्रवारी, शेवटच्या प्रॅक्टिकलच्या तासाला. आणि तुम्हीच या ना. पायथॉन नको. फौंड्रीत रात्रपाळीला डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर काय काय अडतं आणि तुम्ही ते कसं शोधता, ते सांगा. आमच्यापैकी कुणी चालू सिस्टिमचं लॉग, म्हणजे तिच्या कामाच्या नोंदी, उघडून बघितलेलं नाही.

उद्यमनगरी (धागाकर्ता)

येतो. शाल-श्रीफळ नको आणि फ्लेक्सही नको, एवढी अट. आणि चेअर निवडून आलेला असेल त्याच चॅप्टरला.

तासिकावाला

आमच्याकडं निवडणूक झाली आहे, चिठ्ठ्या टाकून, मुलगी निवडून आली. तुम्हाला बोलवायचं तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागेल, त्यासाठी दोन पानी बायोडेटा आणि पासपोर्ट साइझ फोटो पाठवा. फोटो फाइलीला लागतो, त्याला माझा इलाज नाही.