सशांची शिकार आणि परवडणारे बाण : ठाण्याजवळ जागा मिळेल का?

घोडबंदरकर : परदेशातील मामेभावाकडून धनुष्यबाणाने केलेल्या सशांच्या शिकारीची वर्णने ऐकून मलाही ती ओढ लागली असून, मी नुकतेच ४० पौंड ओढीचे (खेचायला तेवढा जोर लागणारे) रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य घेतले आहे. येऊरकडे त्यासाठी मोकळी जागा मिळेल का आणि हरवले तरी हळहळ वाटणार नाही असे बाण कोणते?

पारसिककर : कृपया हा विचार मनातून काढून टाकावा. मानेवर काळा डाग असलेला आपला रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि येऊरचे जंगल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. तेथे धनुष्य घेऊन जाऊही नये. प्रशिक्षक असलेल्या मैदानावर १८ मीटरपासून सुरुवात करावी.

जुना तिरंदाज : सरावासाठी फायबरग्लासचे बाण स्वस्त पडतात, ते जड असल्याने लांबवर लवकर खाली येतात, पण जवळच्या लक्ष्यासाठी उत्तम. कार्बनचे घेतल्यास त्यांचा ताठपणा धनुष्याच्या ओढीशी व बाणाच्या लांबीशी जुळवून घ्यावा. त्यावरील आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. माझा एक कार्बनचा बाण लक्ष्याच्या लोखंडी चौकटीवर आदळला, तेव्हा तो वरून धडधाकट दिसत होता, परंतु कानाशी धरून हलकेच वाकवल्यावर बारीक करकर ऐकू आली. असा बाण सोडताना फुटून हातात घुसू शकतो, म्हणून तो तत्काळ मोडून टाकावा.

घोडबंदरकर : मनःपूर्वक आभार. शिकारीचा विचार सोडला. फायबरग्लासचे सहा बाण घेतो.