घरच्या रॉक रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन-चेलो: गाण्याची गरज की पांघरूण?

कोरी_पाटी (धागाकर्ता):
अलीकडे ओळखीच्या पाच-सहा जणांनी घरी केलेली रॉक गाणी ऐकायला पाठवली. जवळपास प्रत्येकात दुसऱ्या कोरसला (ध्रुवपदाला) तंतुवाद्यांचा ताफा येतो, आणि एकाच पद्धतीने येतो. गिटारची कॉर्ड कीबोर्डवर दोन्ही हातांनी दाबून धरायची, सॅम्पल लायब्ररीतून (रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहातून) सगळा ऑर्केस्ट्रा निवडायचा आणि वरून रिव्हर्ब (घुमारा) ओतायचा. तंतुवाद्यांना स्वतःचं काही सांगायचं नसेल तर ती गाण्यात नकोत, असं माझं ठाम मत आहे.

डिस्टॉर्शनच्या (खरखरीत आवाजाच्या) दोन गिटारी मधल्या सुरांचा सगळा पट्टा आधीच व्यापून बसलेल्या असतात. व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झला, व्हायोलाची (व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड) १३१ ला आणि चेलोची ६५ ला. म्हणजे व्हायोला आणि चेलो थेट गिटारच्या आणि गायकाच्या जागेत घुसतात. ते ऐकू येईनात म्हणून त्यांचा फेडर (आवाजाचा सरकता खटका) वर, मग गायक दबला म्हणून त्याचा वर. शेवटी कुणाचंच काही कळत नाही.

१९६६ चं बीटल्सचं ‘एलिनॉर रिग्बी’ आठवा. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. गिटार नाही, ड्रम नाहीत. माइक तारांच्या अगदी जवळ लावलेले. तुटक, टोकदार सुरांनी ही आठ वाद्यं तालाचं कामसुद्धा स्वतःच करतात. त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती म्हणून ते साधलं.

टेपफीत:
साफ असहमत. दाबून धरलेली कॉर्ड हेही वाजवणंच आहे. साठच्या दशकातला मेलोट्रॉन हा कीबोर्ड घ्या: प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, साधारण आठ सेकंद वाजणारा, त्यानंतर आवाज बंद. त्याला खरा ऑर्केस्ट्रा कुणी समजलं नाही, तरी प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं, कारण तो थरथरता, थोडा मळलेला आवाज दुसऱ्या कशातूनच निघत नव्हता.

आणि एक खोली, एक कीबोर्ड एवढंच ज्याच्याकडे आहे त्याने आठ वादक आणायचे कुठून? माझ्या एका गाण्यात कोरसमागे तीन सुरांचा पॅड (मागे सलग धरलेली कॉर्ड) आहे, अगदी हळू. तो चालू असताना कुणाच्या लक्षात येत नाही. बंद केला की लगेच विचारतात, इथलं काय गेलं?

शिवाय रॉक गिटारच्या पॉवर कॉर्डमध्ये असतं काय? सा आणि प. गंधार नाहीच. मी चेलोवर नुसता कोमल गंधार धरला आणि तीच रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) एकदम उदास झाली. गिटारच्या एकाही सुराला हात लावला नव्हता.

चौथी_तार:
मी व्हायोलिन वाजवते आणि अशा बऱ्याच घरगुती गाण्यांसाठी रेकॉर्ड करून दिलंय. तुमच्या वादात वादकाचा हात कुठेच आला नाही, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट गजाची. मिनिटाला ७० बीटच्या गतीत चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे जवळजवळ १४ सेकंद. भरघोस आवाजात एका गजात एवढा सूर धरता येत नाही, मध्ये गज फिरवावाच लागतो. सॅम्पल मात्र हवा तेवढा वेळ धरून ठेवतं, आणि म्हणूनच ते ऑर्गनसारखं ऐकू येतं. लिहिताना गज कुठे फिरेल ते गुणगुणून पाहा. तिथे सूर थोडा उतरू द्या, मॉड व्हीलवर (कीबोर्डवरच्या चाकावर) हात ठेवून तो चढवा-उतरवा. कृत्रिमपणा बराचसा तिथेच जातो.

दुसरी गोष्ट सूर लावण्याची. बरेच रॉक गिटारवादक अर्धा सूर खाली लावतात आणि मला सांगतात, “गाणं ई मायनरमध्ये आहे.” प्रत्यक्षात ते ई फ्लॅट मायनर असतं: सहा फ्लॅट (अर्धा सूर उतरलेले स्वर), आणि माझ्या जी, डी, ए, ई या चारही मोकळ्या तारा त्या स्केलबाहेर. मग वाद्याची मोकळी गुंज मिळत नाही, आवाज कोंडल्यासारखा येतो. गिटारचं नोटेशनसुद्धा प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहितात. एकाने ते तसंच पाठवलं आणि मी आठवडाभर चुकीच्या सप्तकात सराव केला.

आणि कृपा करून एकाच व्हायोलिनचे, एकाच खुर्चीतून, एकाच माइकवर आठ टेक घेऊन आठ वादक मिळतील असं समजू नका. कोरस इफेक्ट (एकाच आवाजाच्या प्रती एकमेकांवर चढवणारा) लावल्यासारखं ऐकू येतं. दर टेकला माइकचं अंतर बदला, खुर्ची हलवा, जमलं तर दुसरं वाद्य घ्या.

रात्रपाळी:
पॅड-बिड ठीक आहे, पण माझी सॅम्पलची व्हायोलिनं कायम ड्रमच्या मागे पडतात. सॉफ्टवेअरमधल्या ग्रिडवर (तालाच्या रेघांवर) अचूक बसवूनही.

टेपफीत:
@रात्रपाळी, संथ उठावाच्या सॅम्पलमध्ये सूर भरायलाच शंभर मिलिसेकंद किंवा जास्त लागतात. १२० बीटच्या गतीत एक सोळांश स्वर १२५ चा, म्हणजे तुम्ही जवळपास तेवढे मागे. अख्खा ट्रॅक पुढे सरकवा, मग कानाने जुळवा. तुटक सुरांना मात्र वेगळा ट्रॅक द्या, ते लवकर उठतात.

कोरी_पाटी:
गंधाराचा मुद्दा मान्य. पण टेपफीत, तो पॅड नव्हेच! तुम्ही एक सूर निवडलात, एका वाद्याला दिलात आणि बाकी सगळ्यांना गप्प ठेवलंत. मी हेच मागतोय. माझा विरोध दहा बोटांच्या कॉर्डला आहे, आणि तो कायम आहे.

टेपफीत:
आणि कोरसमागचा तो तीन सुरांचा पॅड? तोही कॉर्डच आहे. तो मी काढणार नाही.

चौथी_तार:
काढू नका. त्याच्या सर्वांत वरच्या सुरावर एक खरं व्हायोलिन हलकंसं ठेवून पाहा. गज तारेला टेकतो तो क्षण ऐकू आला की कान त्याच्यामागे जातो, आणि खालची सॅम्पलंही वाजवल्यासारखी वाटू लागतात. ट्रॅक पाठवा, वाजवून देते. गिटारी कुठल्या सुरात लावल्यात ते मात्र आधी कळवा.