आधी बॉबिन बघा

ताई, गोधडी आणि ब्लाउज दोन्हींसाठी जुनं सिंगर शिलाई मशिन घेऊ का, असं विचारलंत. घ्या, पण आधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ, बघा. बंदुकीच्या गोळीसारख्या शटलची (शटल म्हणजे खालचा दोरा नेणारा भाग) २७-२८ क्लासची, म्हणजे मॉडेलची, मशिनं देखणी, पण त्यांची लांबुडकी बॉबिन शोधताना जीव जातो. १५ क्लासची गोल बॉबिन कुठेही मिळते.

माझं १५ क्लास नाशिकच्या गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात मिळालं. जाताना नऊवारीचा तुकडा चारपदरी दुमडून नेला होता. हातानं चाक फिरवून पाहिलं, तर खालून दोऱ्याचे नुसते फास! विकणारा ‘शटल गेलंय’ म्हणाला. शटल कसलं, वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत जुना दोरा अडकलेला. मी गप्प बसले, भाव पाडून घेतला.

झिगझॅग (नागमोडी टाका) मात्र नाही, काजं हातानंच.